अक्षरांना पाय फोडताना

पुण्यात ‘स्लॅब’ म्हटलं की आधी बिल्डर आठवतो आणि मग पावसाळ्यातली गळती. आपला स्लॅब वेगळा. अक्षराची उभी काठी जिथे संपते तिथे खाली-वर जी आडवी, लादीसारखी पट्टी असते तिला सेरिफ म्हणतात. पेठेतला जुना वाडा ज्यांनी आतून पाहिलाय त्यांना हे चटकन कळेल. लाकडी खांब म्हणजे अक्षराची काठी, त्याखालचा दगडी तळखडा म्हणजे सेरिफ. तळखडा खांबाच्या तोडीचा जाड झाला की तो स्लॅब सेरिफ.

ज्यांनी आजवर फॉन्ट फक्त डाउनलोड केले, आणि आता एखाद्या दुकानाच्या पाटीसाठी, एकांकिकेच्या जाहिरातीसाठी किंवा मंडळाच्या पोस्टरसाठी स्वतःची अक्षरं काढून बघायची आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. पूर्ण फॉन्ट आज करायचा नाही. एका शब्दापुरती, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत चालतील अशी, जरा तिरपागडी अक्षरं करायची. अशा टाइपला डिस्प्ले म्हणतात: मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांसाठी. परिच्छेद त्यात लावायचा नसतो. सगळ्या जेवणात लोणचंच वाढलं तर कसं होईल, तसं होतं.

पायरी १: पाय बघायला शिका

टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांनी स्लॅब सेरिफ रोज पाहिलाय, फक्त नाव माहीत नसतं. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. मग बारकुड्या ‘आय’ने ती भरायची कशी? त्याला लांबलचक पाय, म्हणजे सेरिफ, देऊन. तिथे पाय शोभेचे नसतात, कामाचे असतात.

पण या घराण्याचा जन्म टाइपरायटरच्या बराच आधीचा, आणि तो भिंतीवरच्या जाहिरातींसाठी झाला. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरी, नाटकं, लिलाव यांच्या जाहिराती भिंतींवर एकमेकींशी भांडायला लागल्या. पुस्तकातलं नाजूक अक्षर नुसतं मोठं केलं तर त्या गर्दीत त्याचा आवाज फुटेना. १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्सने ‘अँटिक’ या नावाने काठीइतक्याच जाड, चौकोनी पायांची अक्षरं आपल्या नमुन्यांत छापली. पुढे अशा अक्षरांना ‘इजिप्शियन’ म्हणू लागले. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं होतं, त्याची ही शेपटी. इजिप्तच्या चित्रलिपीशी त्याचा काडीचा संबंध नाही. गंमत म्हणजे १८१६ च्या सुमारास कॅस्लन फाउंड्रीने (छपाईची अक्षरं ओतणारा कारखाना) अजिबात पाय नसलेल्या अक्षरालाही इजिप्शियनच म्हटलं होतं! नावं ठेवण्यात छापखानेवाले कधीच फार काटेकोर नव्हते.

तीन जाती ओळखता आल्या की पुरे.

पहिली, काटकोनी. काठी सरळ येऊन पायावर उभी राहते, मध्ये वळण नाही. फिगिन्सचा अँटिक या जातीचा. १९२९ चा मेम्फिस, १९३४ चा रॉकवेल हे याच जातीचे, पण कंपासने काढल्यासारखे. रॉकवेलचा कॅपिटल ‘ए’ बघा, त्याच्या शेंड्यावरही आडवी पट्टी आहे, पागोटं घातल्यासारखी.

दुसरी, वळणाची. काठी पायाला मिळताना कोपऱ्यात छोटी गोलाई. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीने काढलेला क्लॅरेंडन हा या जातीचा मूळपुरुष. त्याच्या डिझाइनची कायद्याने नोंद करून तीन वर्षांचं संरक्षण मिळवलं होतं. मुदत संपली आणि नकलांचा पूर आला. क्लॅरेंडनच्या ‘आर’चा वळून वर आलेला पाय आणि लहान ‘ए’, ‘सी’ यांच्या टोकाचे गोळे नीट बघून ठेवा.

तिसरी, उलटी. हिचे पाय काठीपेक्षा जाड! १८२१ मध्ये कॅस्लन आणि कॅथरवूड यांनी ‘इटालियन’ नावाने असं अक्षर काढलं. आपण सिनेमात ‘वॉन्टेड’च्या कागदावर पाहतो ती ‘वेस्टर्न’, म्हणजे काउबॉयपटांची धाटणी याच उलट्या घराण्यातून आली. ती अमेरिकेत फोफावली त्यामागे लाकडी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, होते. शिशाचा फूटभर खिळा जड, महाग, आणि थंड होताना सारखा निवत नाही. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकूड कोरायचं फिरतं यंत्र या कामाला लावलं, आणि पोस्टरची अक्षरं वाटेल तेवढी मोठी, वाटेल तेवढी तऱ्हेवाईक होऊ लागली.

आता इतिहास पुरे, चप्पल घाला. सकाळी आठच्या आत अप्पा बळवंत चौकातून निघून लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीजच्या चौकापर्यंत चाला. दुकानं उघडायच्या आत, कारण नंतर पाट्यांसमोर टेम्पो उभे राहतात. जाड पायांची अक्षरं दिसतील तिथे फोटो काढा. वीस पुरेत. घरी येऊन तीन जातींत वाटा. काही फोटो कशातच बसणार नाहीत, ते वेगळे ठेवा. तिरपागडेपणाचं शिक्षण त्यातूनच होतं. जुना ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्राचा, छापखाना अजून चालू असलेला कुणाच्या ओळखीत असेल तर खिळ्यांची केस बघायला मिळते का विचारा. खिळा हातात घेऊन उलटं अक्षर बघितलं की त्याचा आकार कळतो, कारण उलटं अक्षर आपण वाचत नाही, बघतो.

पायरी २: शब्द ठरवा

नवखा माणूस ‘ए’पासून सुरू करतो आणि ‘एफ’पाशी कंटाळतो. त्यापेक्षा एक खरा शब्द घ्या. समजा, ओळखीत कुणी फराळाच्या पदार्थांचं दुकान काढतंय आणि नाव ठरलंय ‘खमंग’. इंग्रजीत सात कॅपिटल अक्षरं: के, एच, ए, एम, ए, एन, जी. पायांच्या दृष्टीने हा शब्द म्हणजे दसऱ्याचं संचलन आहे. ‘एच’, ‘एम’, ‘एन’ सगळ्यांना पाय. आणि मराठीत तीनच अक्षरं, पण त्यांत ‘ख’ आहे, जो चुकला तर ‘रव’ वाचला जातो. ‘ग’ आहे, ज्याचे दोन तुकडे आहेत. आणि डोक्यावर अनुस्वार. शिकायला याहून बरा शब्द मिळायचा नाही.

पायरी ३: लहर एकच

सगळ्या लेखातली हीच पायरी मला नीट सांगायची आहे, बाकीच्या कुठेही वाचायला मिळतील.

तिरपागडं अक्षर करायचं म्हटलं की हात मोकाट सुटतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात ‘आर’चा पाय वर वळलेला होता, ‘ई’ची मधली रेघ तिरकी होती, पायांना खाचा होत्या, टोकांना गोळे होते आणि ‘ओ’ जरा कलंडलेला होता. मी तो एका निवृत्त जुळाऱ्यांना दाखवायला नेला. आयुष्यभर खिळे जुळवलेला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद लांब धरला आणि विचारलं, “यातला नवरदेव कोण?”

वरातीत सगळेच फेटे बांधून नाचायला लागले तर नवरदेव ओळखू येत नाही. एक लहर निवडा आणि बाकी अक्षर अगदी शाळेच्या गणवेशात ठेवा. निवडायला बरंच काही आहे. पाय काठीपेक्षा जाड करता येतात. पायाचा वरचा काठ उतरता ठेवता येतो. ‘एच’ आणि ‘ए’ची आडवी रेघ कमरेखाली उतरवता येते, म्हणजे अक्षर लेंगा घसरल्यासारखं दिसतं. पायाला मध्ये खाच देता येते. किंवा दोन बाजूंचे पाय असमान करता येतात.

निवडलेली लहर खरी आहे की नुसता चाळा, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. ती शब्दातल्या निदान निम्म्या अक्षरांत दिसायला हवी. एकाच अक्षरात दिसली तर बघणाऱ्याला छपाईची चूक वाटते. आणि अक्षर अंगठ्याएवढं लहान केल्यावरही थोडी तरी उरायला हवी. नाही उरली तर ती लहर फक्त तुमच्या स्क्रीनवर आहे, पाटीवर नाही.

‘खमंग’साठी मी असमान पाय घेईन. डावीकडचा पाय आखूड, उजवीकडचा जवळजवळ दुप्पट लांब. उभं राहिलेलं अक्षर एकदम निघाल्यासारखं दिसतं, गरम चकली हातात आली की माणूस घराकडे निघतो तसं. या लहरीचा आणखी एक फायदा आहे, तो देवनागरीपाशी कळेल.

पायरी ४: कागद, आणि फक्त दोन अक्षरं

संगणक बंद ठेवा. आलेखाचा कागद, टोकदार पेन्सिल, खोडरबर. आधी ‘एच’ आणि ‘ओ’ काढा. ‘एच’मध्ये सरळ काठ्या आणि पाय आहेत, ‘ओ’मध्ये गोलाई. ही दोन जमली की बाकीच्या अक्षरांना हाडं आणि मांस मिळतं. ‘एच’वरून ‘एन’, ‘एम’, ‘के’. ‘ओ’वरून ‘जी’. ‘ए’ तिरक्या काठ्यांचा, त्याचं गणित वेगळं.

फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराची चौकट बहुतेक १००० एककांची धरतात. कागदावरही तेच प्रमाण ठेवलं तर पुढे त्रास वाचतो. ठळक डिस्प्लेसाठी सुरुवातीचे आकडे असे घ्या: कॅपिटलची उंची ७००, उभी काठी १७०, पायाची जाडी १४५, डावा पाय काठीबाहेर ५०, उजवा ९५. हे आकडे म्हणजे वाण्याची यादी आहे, वेद नव्हे. डोळ्याला पटेपर्यंत बदला.

काठी १७० तर पाय १४५ का? कारण डोळा फसवतो. सारख्याच जाडीची आडवी पट्टी उभीपेक्षा जाड दिसते. दोन्ही मोजून सारखे ठेवले तर अक्षर गुडघ्यात वाकल्यासारखं वाटतं. (उलटी जात घेतली असेल तर हा नियम मुद्दाम मोडायचा असतो, पण मग चांगला दणकून मोडा. १७० ला १८० केलं तर चूक वाटते, २६० केलं तर शैली.) तसंच ‘ओ’चं. तो ‘एच’च्या वरच्या आणि खालच्या रेषेबाहेर १०-१२ एककं डोकवायला हवा, नाहीतर बुटका दिसतो.

जिथे रेघा मिळतात तिथे काळोख साठतो. ‘एम’च्या मधल्या टोकात, ‘के’च्या सांध्यात. तिथे तिरकी रेघ आत जाताना बारीक करा. खिळ्यांच्या छपाईत शाई पसरून हे कोपरे बुजायचे. स्क्रीनवर शाई नसली तरी ठळक अक्षराचे कोपरे बुजलेलेच दिसतात. आणि ‘ए’च्या शेंड्याला रॉकवेलसारखं पागोटं देण्याचा मोह होईल. आपली लहर पायांची आहे, तेव्हा पागोटं राहू द्या.

पायरी ५: देवनागरीला पाय नकोत, चाल द्या

आता खरी मजा. रोमन अक्षर पायावर उभं राहतं. देवनागरी शिरोरेषेला लटकते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. दोरीवरच्या पायजम्याला बूट घालून काय मिळणार? तरी प्रत्येक नवखा (मीसुद्धा) काना दिसला की त्याला खाली पट्टी चिकटवतो.

चिकटवून बघाच, मग कळेल. ‘ग’ला पाय दिला की डावा पाय त्याच्या पहिल्या तुकड्याच्या गाठीवर जाऊन आपटतो. ‘ख’चे दोन भाग खाली एकमेकांना टेकलेले असतात, म्हणून तर तो ‘रव’ वाचला जात नाही. तिथे पट्टी आली की टेकण्याची जागाच हरवते. ‘मु’, ‘गु’ लिहायला गेलात तर उकार पायातून बाहेर काढावा लागतो. सगळ्यात मोठी अडचण जोडाक्षरांची. आपण अर्धं अक्षर करताना कानाच काढून टाकतो: ‘ग्य’मधला ‘ग’, ‘म्ह’मधला ‘म’. काना गेला की त्याचा पायही गेला. ‘ट’, ‘ड’, ‘द’, ‘ह’ यांना तर मुळात कानाच नाही. म्हणजे एका ओळीत काही अक्षरं बूट घालून आणि काही अनवाणी. अक्षराचा पाय मोडणं ही ज्या लिपीत रोजची क्रिया आहे, तिच्यात पायांवर सगळी मदार ठेवू नये.

मग रोमन आणि देवनागरी एका घरातली दिसणार कशी? पाय न्यायचा नाही, त्याची चाल न्यायची. रोमनमध्ये आपण उजवीकडे निघालेला लांब पाय दिलाय. देवनागरीत तीच उजवीकडची ओढ तीन ठिकाणी देता येते. शब्द संपल्यावर शिरोरेषा उजवीकडे थोडी जास्त पुढे काढा, डावीकडे अगदी आखूड. काना खाली सरळ न कापता किंचित तिरका कापा, उजवीकडचं टोक खाली येईल असा. आणि ‘म’, ‘ग’ यांच्या गाठी गोल न ठेवता चौकोनी, जड करा. रोमनच्या पायात जो वजनदारपणा आहे तो इथे गाठीत येतो. एवढं केलं की दोन्ही लिप्या सख्ख्या नाही तरी चुलत भावंडं नक्की दिसतात.

जाडी बघताना शिरोरेषा हाच आपला मोठा स्लॅब. पण ती रोमनच्या पायाइतकी, म्हणजे १४५ ठेवली तर पाटीवर काळा पट्टा उमटतो. रोमनचे पाय सुटे सुटे असतात, ही शब्दभर अखंड धावते. ११५ ते १२० पासून सुरुवात करा.

आणखी एक गोष्ट, जी रोमनकडून देवनागरीकडे येणाऱ्यांची हमखास चुकते. रोमनची परंपरा रुंद टोकाच्या लेखणीची. तिथे वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते. कॅपिटल ‘ए’ची उजवी बाजू बघा. देवनागरीचा बोरू उलट्या तिरक्या कापाचा, त्यामुळे आपल्याकडे जाडी नेमकी विरुद्ध तिरक्या दिशेला पडते. स्लॅबमध्ये जाडीचा फरक कमी असतो म्हणून चूक लपते, पण लपते एवढंच. ‘ख’च्या पहिल्या भागात जाडी चुकीच्या बाजूला पडली तर मराठी वाचणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण अक्षर परकं वाटेल.

पुढे शब्दाचा फॉन्ट करायची हौस आली तर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ घेऊन थांबू नका. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ करा. ‘ळ’ विसरला तर कुणी माफ करणार नाही. ‘ॲ’ वेगळा काढावा लागतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आला आणि जुन्या फॉन्टांत अजूनही नसतो. ‘ऱ्य’चा चंद्रकोरीसारखा रकार तर मराठीला हवाच. चाचणीसाठी मी हे शब्द लावतो: दऱ्याखोऱ्यांत, कुऱ्हाड, ॲल्युमिनियम, मिळालेल्या, उत्कृष्ट, द्वंद्व, सर्वांगीण, किंवा, शृंगार. यांतून जो फॉन्ट धडधाकट बाहेर पडतो तो लग्नाच्या पत्रिकेतूनही बाहेर पडतो.

पायरी ६: मोकळीक

स्लॅबमध्ये दोन अक्षरांतलं अंतर काठीपासून मोजायचं नाही, पायाच्या टोकापासून मोजायचं. ‘एच’ शेजारी ‘एच’ लावा, मध्ये ‘ओ’ घाला, पुन्हा दोन ‘ओ’. ही मालिका डोळे अर्धे मिटून बघा. कुठे ढग दिसतो, कुठे भोक दिसतं? सगळीकडे सारखा करडा रंग दिसेपर्यंत सरकवत राहा. याला दोन तास लागले तर कमी लागले म्हणा.

आपल्या शब्दात ‘ए-एम-ए’ हा चक्रव्यूह आहे. ‘ए’चे पाय खाली पसरलेले, वर रिकामी जागा. शेजारच्या ‘एम’चेही पाय. खाली गर्दी, वर मैदान. दोन उपाय आहेत. एक, इथे ‘ए’चा उजवा पाय आखूड करायचा, म्हणजे आपल्याच लहरीला मुरड घालायची. दुसरा, दोन्ही अक्षरांचे पाय जोडून एकच लांब पट्टी करायची. मला दुसरा आवडतो. पण तो शब्दात एकदाच करा, दोनदा नाही. दोनदा केला की रेल्वेचे रूळ.

पायरी ७: संगणकावर

कागद स्कॅन करा आणि त्यावरून रेषा काढा. फॉन्ट करायच्या सॉफ्टवेअरपैकी फॉन्टफोर्ज फुकट आहे आणि रुसका आहे. ग्लिफ्स फक्त मॅकवर चालतो, पैसे लागतात, पण नवख्याला सोपा. एकाच शब्दाची पाटी असेल तर इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअरसुद्धा चालेल. बिंदू कमीत कमी ठेवा, गोलाईचे बिंदू वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा टोकांवरच. स्कॅनवरून आपोआप रेषा काढून देणारं बटण असतं, ते दाबू नका. एका ‘ओ’ला सत्तर बिंदू देऊन मोकळं होतं.

एवढं सगळं करायला वेळ नसेल तर तयार फॉन्टांतून शिका. बिटर नावाच्या रोमन स्लॅबवरून सोल मातास यांनी देवनागरी जोडीदार केला, त्याचं नाव ‘कडवा’. नावातच भाषांतर! पाय न लावता स्लॅबचा स्वभाव देवनागरीत कसा आणतात ते त्यात बघा. मुंबईच्या रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आलेला ‘यात्रा वन’ स्लॅब नाही, पण लहर एक आणि बाकी शिस्त याचा उत्तम नमुना आहे. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ जाडीची हद्द बघायला उघडा. अक्षरांतली पोकळी नुसती रेघ होऊन उरते. हे तिन्ही फुकट मिळतात आणि खुल्या परवान्यातले आहेत. पाटीवर, पोस्टरवर वापरता येतात, बदलताही येतात. नुसता फॉन्ट विकायला मात्र काढता येत नाही.

पायरी ८: पाटीवर चढवा

आधी कायदा. दुकानं आणि आस्थापनांच्या राज्य कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून पाटीवर सुरुवातीला देवनागरीत मराठी नाव लागतं आणि त्याचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. यात डिझायनरने कपाळाला हात लावायचं कारण नाही. उलट, देवनागरी हीच मुख्य रचना धरून सुरुवात करा आणि इंग्रजी तिच्या मापाने बसवा. उंची मोजताना शिरोरेषेपासून कान्याच्या तळापर्यंत मोजा, मात्रा आणि अनुस्वार सोडून. ती कॅपिटलच्या उंचीपेक्षा कमी नको.

किती उंच? बोर्डवाल्यांचा ठोकताळा असा की अक्षराच्या दर इंचाला दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. ४० फुटी रस्त्याच्या पलीकडून वाचायचं तर ४ इंच पुरतात, पण आपल्या रस्त्यावर मध्ये बस, रिक्षा आणि फांद्या असतात. शिवाय लहरी अक्षर ओळखायला डोळा क्षणभर जास्त घेतो. मी दुपटीच्या खाली जात नाही.

मग फॅब्रिकेटर, म्हणजे पाटी कापून बनवणारा. त्याला विचारा, लेझर की राउटर (फिरत्या पात्याने कापणारं यंत्र)? ॲक्रिलिक लेझरवर कापलं तर कोपरे धारदार येतात. एसीपी (ॲल्युमिनियमचे थर असलेला पत्रा) किंवा एमडीएफ (दाबलेल्या लाकडाच्या भुशाची फळी) राउटरवर गेलं तर आतले कोपरे पात्याच्या गोलाईचे होतात. ६ मिलिमीटरच्या पात्याने आतला कोपरा ३ मिलिमीटरच्या त्रिज्येपेक्षा टोकदार निघूच शकत नाही. म्हणजे तुमचा काटकोनी स्लॅब नकळत क्लॅरेंडन होऊन येतो. मोठ्या पाटीवर चालून जातं. लहान अक्षरात नको असेल तर बारीक पातं मागा, किंवा आधीपासूनच गोलाई देऊन रेखाटा, म्हणजे ती तुमची होते.

फाइल देताना अक्षरांच्या रेषा (आउटलाइन) करून द्या, टाइप केलेला मजकूर म्हणून नको. हे मी एकदा विसरलो. एका मित्राच्या कार्यक्रमाचं फ्लेक्स, त्यात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असा मजकूर. छापणाऱ्याच्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता, दुसराच लागला आणि ‘ऱ्या’चे तुकडे तीन दिशांना गेले. कार्यक्रम सुरू व्हायला दोन तास होते. कुणाला दोष द्यायचा? रेषा मी केल्या नव्हत्या. खालचा पत्ता-फोनचा मजकूर छापणाऱ्याकडे टाइप होणार असेल तर तो युनिकोडमध्ये होतोय की श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत, हेही विचारून घ्या. एकातलं दुसऱ्यात चिकटवलं की नुसती खडीसाखर होते. आणि तो मजकूर तुमच्या तिरपागड्या अक्षरात नको. मुक्तासारखा साधा, बिनपायांचा फॉन्ट घ्या.

हेच अक्षर पाकिटांवर छान बसेल, पिशवीवर बसेल, दिवाळी फराळाच्या पोस्टरवर तर मिरवेल. दरपत्रकात फक्त मथळ्यांना. लग्नपत्रिकेत वधू-वरांच्या नावांना चालेल, पण आजोबांची परवानगी घ्या. निधनाच्या फलकावर कधीही नको.

कापायला द्यायच्या आधी शब्द खऱ्या मापात साध्या कागदावर छापा, तुकडे जोडा आणि दुकानाच्या जागी चिकटपट्टीने लावून संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडून बघा. रस्त्यावरचे दिवे लागल्यावर पुन्हा बघा. ओळखीच्या नसलेल्या दोघांना वाचायला सांगा. ‘रवमंग’ असं कुणी वाचलं तर ‘ख’कडे परत.

बसवताना एक फरक लक्षात ठेवा. इंग्रजीचे सुटे तुकडे असतात, ‘ए-एम’ जोडले असतील तर सहा. प्रत्येकाला खिळ्या-स्क्रूची स्वतंत्र जागा लागते, आणि ती रुंद पायांत आयती मिळते. मराठी शब्द शिरोरेषेमुळे एकाच तुकड्यात कापून येतो आणि भिंतीला घट्ट बसतो. सुटा राहतो तो फक्त अनुस्वार. त्यामुळे फॅब्रिकेटरला शेवटचे पैसे द्यायच्या आधी शिडीवर चढा आणि ‘मं’वरचा तो गोळा हाताने हलवून बघा. पहिल्या वळवाच्या पावसात पडतो तो तोच, आणि मग वर्षभर दुकानाचं नाव ‘खमग’ राहतं.